दहाचा पाना आणि कडूबाच्या गायी

सोमवार, ६ जानेवारी

खताच्या दुकानातून नव्या वर्षाची डायरी मिळाली. प्रत्येक पानावर खाली फवारणीचा सल्ला आहे, त्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलंय. अठ्ठावीस वर्षांत घनसावंगीत मी किती मेलेल्या गाड्या उठवल्या याची कुठं नोंद नाही. लोक विसरतात. म्हणून आजपासून लिहिणार, वेळेसकट.

सकाळी ८:४० ला कडूबा गाडी ढकलत आला. स्टँडपासून ढकलत, आणि मागच्या कॅरियरला त्याची नायट्रोजनची टाकी बांधलेली. कडूबाचा धंदा गायी भरवायचा. टाकीत उणे एकशे शहाण्णव डिग्रीला चांगल्या बैलांचं वीर्य, बारीक कांड्यांत भरलेलं. गाय माजावर आली की शेतकरी फोन करतो, हा जातो, हातमोजा खांद्यापर्यंत चढवतो आणि पुढचं काम करतो. मी त्याला म्हणतो, तालुक्यात सगळ्यात जास्त लेकरं तुझी, अन् एकाचंही नाव तू शाळेत घातलं न्हाईस.

तक्रार: सेल्फ मारला की कुर्र करून बसते. गाडी दोन वर्षांची, म्हणजे पेट्रोलचा पंपही बॅटरीवर. बॅटरी पडली की किक फक्त व्यायामाला.

झाकण काढलं. बॅटरीच्या निगेटिव्हला पांढरी बुरशी आणि बोल्ट अर्धा आटा ढिला. गरम पाण्यानं धुतलं, पॉलिश पेपर मारला, ग्रीस लावलं, आवळलं. ९:०५ ला गाडी चालू. पंचवीस मिनिटं. दुसऱ्या कोणी अख्खी बॅटरी गळ्यात बांधली असती.

मग माझी टेस्ट केली. गाडी चालू ठेवायची, चांगली रेस द्यायची, आणि तशात दहाच्या पान्यानं निगेटिव्ह काढून घ्यायची. गाडी चालू राहिली म्हणजे चार्जिंग ठीक, बंद पडली म्हणजे चार्जिंग गेली. मीटर नको, कागद नको. ही टेस्ट मी १९९७ साली स्वतः शोधून काढली. पुढं कळलं की अर्धा मराठवाडा करतो, पण त्यानं माझा शोध खोटा ठरत नाही.

गाडी चालू राहिली. चहाच्या टपरीवरचे चार लोक बघत होते. नेमका तेव्हाच हेडलाइटचा बल्ब उडाला. हल्ली बल्ब टिकतात कुठं. नवा टाकून दिला.

समोर तृप्तीचं वर्कशॉप. दिवाळीत उघडलं. जालन्याला आयटीआय केलेली पोरगी, खिशात पिवळं मीटर घेऊन फिरते, कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन फिरतो तशी. ती दारात उभी राहून माझी टेस्ट बघत होती. बघू दे. शिकेल.

बुधवार, ८ जानेवारी

कडूबा परत. या वेळी टेंपोत घालून. तीर्थपुरीच्या अलीकडं गाडी बंद पडली आणि दोन गायी हुकल्या. गाय माजावर असते बारा-अठरा तास, ती वेळ गेली की पुढं एकवीस दिवस थांबा. तोवर शेतकरी कडूबाची आठवण ज्या शब्दांत काढतो ते मी इथं लिहीत नाही, डायरी नवी आहे.

बॅटरी पार उतरलेली. नवीन बॅटरी टाकली, गाडी चालू केली, टेस्ट केली. निगेटिव्ह काढताच गाडी बंद. म्हणजे रेक्टिफायर मेला. एका मिनिटात निदान! कॉइलमधून येणारा करंट बॅटरीला पचेल असा करून देतो तो रेक्टिफायर, हाताच्या पंज्याएवढा डबा. माझ्याकडं एक शिल्लक होता, तो टाकला. नवीन पार्ट टाकला की पुन्हा टेस्ट करायची हा माझा नियम. केली. गाडी चालू राहिली. पास.

डाव्या बाजूचे इंडिकेटर टेस्टच्या वेळी गेले. या गाडीच्या बल्बांना कुणाची तरी नजर लागली आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला कोणी नाही, सकाळी ७:२० ला कडूबा मात्र हजर. गाडी परत मेलेली.

आज तो बसला आणि त्यानं नीट सांगितलं. डेअरीचे डॉक्टर जगन्नाथराव यांनी त्याला नऊ गावं दिली आहेत. कुंभार पिंपळगावकडचा राजानंद त्या गावांवर टपून आहे. महिनाअखेर डॉक्टर ठरवणार, गावं कोणाकडं ठेवायची.

"पाच गायी चुकल्या मिस्तरी, आठ दिवसांत. डॉक्टर म्हणले, तुझी गाडी माजावर कधी येती ते सांग, मंग आम्ही गायी तसं बघतो."

मी हसलो नाही. पण वाक्य चांगलं आहे म्हणून लिहून ठेवलं.

विचार केला. आठ दिवसांत दोन रेक्टिफायर मरतात म्हणजे कारण बाहेरचं. ११:१५ ला कारण सापडलं. नायट्रोजन! टाकीच्या तोंडातून थंड वाफ येते, ती खाली उतरते, आणि रेक्टिफायर बरोबर कॅरियरच्या खाली. तापलेला तवा पाण्याखाली धरला तर काय होईल? तेच. हे मीटरवर दिसत नाही, याला डोकं लागतं. टाकी पुढं घ्यायला लावली, पेट्रोलच्या टाकीवर, दोन्ही हातांच्या मधे.

तिसरा रेक्टिफायर टाकला. पाना हातात घेतला तर कडूबा मधे आला.

"मिस्तरी, आज टेस्ट राहू द्या."

"का बरं?"

"न्हाई, उगं. चालू हाय ना गाडी. बराबर चालू हाय."

"तुझी गाय भरल्यावर तू तपासत न्हाईस का?"

"दोन महिन्यांनी तपासतो मिस्तरी. लगेच काढून न्हाई बघत."

अठ्ठावीस वर्षांत कोणी माझा हात धरला नव्हता. राग आला. टेस्ट दोनदा केली. दोन्ही वेळा पास. स्पीडोमीटरचा आकड्यांचा पडदा काळा झाला, पण आकड्यांवाचून गाडी चालते.

कडूबा जाताना समोर तृप्तीशी काहीतरी बोलत थांबला होता. पत्ता विचारत असेल.

शुक्रवार, १७ जानेवारी

कडूबा टाकीला कवेत घेऊन गाडी चालवतो याची गावभर चर्चा. टपरीवर विचारतात, "कडूबा, बाळंतीण कुठाय?" कोणी म्हणतं टोपडं घाल त्याला. मी सांगितलं, शास्त्रीय कारण आहे.

संध्याकाळी ५:१० ला गाडी राजाटाकळीच्या रस्त्यावर बंद. तीन गायी होत्या, तिन्ही राजानंदनं भरल्या.

घरी जेवताना बायकोला, दैवशालाला, सगळा प्रकार सांगितला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, ती गाडी तुमच्याकडं यायच्या आधी कितीदा बंद पडल्ती?"

"एकदा. बुरशीमुळं."

"अन् तुम्ही हात लावल्यावर?"

बायकांना इलेक्ट्रिकलमधलं कळत नाही. मी ठेच्यावर तेल घेतलं आणि विषय बदलला.

रविवार, १९ जानेवारी

चतुराबाईचा फोन. कडूबाची बायको. "भाऊजी, तुम्ही गाडी नीट करून राह्यले का पोस्टमार्टम करून राह्यले? एकदा काय ते सांगा, म्हंजे दहाव्याची तारीख काढायला बरं."

मी म्हणालो, गाडी माझ्याकडं सोडा, अख्खी वायरिंग नवीन टाकतो. हा आता माझ्या नावाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तुमच्या नावाचा असंल, आमच्या नऊ गावांचा हाय."

कडूबा तोवर मेव्हण्याच्या मोपेडवर फिरणार. तिला चढ चढत नाही, त्यामुळं तो चढाला उतरून टाकी डोक्यावर घेतो.

बुधवार, २९ जानेवारी

दहा दिवस लिहिलं नाही, वेळ नव्हता. वायरिंग नवीन केली. एकूण सत्तावीस जोड, प्रत्येक डाग देऊन, प्रत्येकावर नळी. अशी वायरिंग कारखान्यातून येत नाही, हे मी लिहून देतो, किंबहुना लिहूनच देतोय. कॉइल प्लेट नवीन. चौथा रेक्टिफायर जालन्याहून स्वतः जाऊन आणला, डबा वाजवून बघून.

उद्या कडूबाच्या पाच गायी आहेत. सगळ्या आज संध्याकाळपासून माजावर, पाचही वेगवेगळ्या गावांत. परवा डॉक्टरांचा निर्णय. जगन्नाथराव म्हणालेत, यातली एक जरी हुकली तरी नऊच्या नऊ गावं राजानंदची.

दुपारी ४:३० ला गाडी चालू केली. आवाज असा की कान तृप्त व्हावा. (कान तृप्त, हे समोरचीबद्दल नाही.) टपरीवरचे सगळे जमले. कडूबा आला नव्हता, चतुराबाई गाडी न्यायला आलेल्या भावाबरोबर आली होती. सगळ्यांदेखत टेस्ट केली, फुल रेसवर, निगेटिव्ह बाहेर. चालू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. तृप्ती तिच्या दारातून "काका, काका" करत रस्ता ओलांडून येत होती, पण मधे उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. तो जाईपर्यंत मी निगेटिव्ह परत आवळली होती. ती माझ्याकडं बघत उभी राहिली आणि परत गेली.

एक गोष्ट. गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी रेक्टिफायरला हात लागला तर गरम होता. गाडी बंद असताना. थंडीचे दिवस आहेत, नवीन माल थोडा गरम होत असेल.

गुरुवार, ३० जानेवारी

पहाटे ५:५० ला फोन.

"मिस्तरी." एवढंच बोलला कडूबा. मागून सेल्फचा आवाज ऐकवला. कट्. कट्. मग काहीच नाही.

मी माझी गाडी काढली. माझी १९९९ची, किकची. बॅटरी २०११ पासून नाहीच, दिवा इंजिनावर लागतो, जेवढी रेस तेवढा उजेड. ६:२० ला कडूबाच्या दारात. चतुराबाईनं चहा विचारला नाही. कडूबा मागं बसला, टाकी मधे. पाच गावं, शहाऐंशी किलोमीटर.

पहिल्या गोठ्यात मी बाहेर थांबणार होतो. शेतकऱ्याचा पोरगा कॉलेजला गेलेला, शेपटी धरायला कोणी नाही. कडूबा म्हणाला, "धरा."

मी धरली. गायीनं माझ्याकडं मान वळवून बघितलं, की हा कोण नवीन. म्हाताऱ्या शेतकऱ्यानंही तेच विचारलं.

"हे आमचे मिस्तरी," कडूबा म्हणाला.

"गाईचे का गाडीचे?"

"गाडीचे."

"मंग हिला किक मारायला सांगू नका."

कडूबाचं काम मी पहिल्यांदाच बघितलं. थर्मासमध्ये पाणी, त्यात थर्मामीटर. बरोबर सदतीस डिग्री. चिमट्यानं कांडी काढली की लगेच पाण्यात, आणि घड्याळ लावून तीस सेकंद. मी म्हणालो, अंदाजानं जमत न्हाई का, एवढी वर्षं झाली तुला. तो म्हणाला, "अंदाज माझा असतो मिस्तरी, गाय दुसऱ्याची असती."

तिसऱ्या गावात तो हात धूत होता. मला वाटलं कांड्या किती उरल्या बघावं, अजून दोन गायी आहेत. टाकीचं बूच काढलं, दांडी धरून कांड्यांचा डबा वर उचलायला लागलो. कडूबा साबणाच्या हातानं धावत आला आणि माझ्या मनगटावर फटका मारला. डबा खाली गेला.

"तोंडाच्या वर काढू नका! मरतात!"

"बघत होतो फक्त. पाच सेकंद."

"पाच सेकंदच लागतात. अन् मेलेली कांडी दिसायला जिवंतासारखीच दिसती. आपण म्हणतो बराबर हाय, घालतो, घरी जातो. एकवीस दिवसांनी गाय उलटली, परत माजावर आली, की कळतं."

"मंग आत काय हाय ते बघायचं कसं?"

त्यानं एक लांब पट्टी टाकीत सोडली, काढली, तिच्यावर जमलेल्या पांढऱ्या बर्फाची उंची बघितली. "नायट्रोजन बोटभर कमी झालाय. असं बघायचं. काढायचं न्हाई."

बूच मी लावलं. पुढच्या दोन गावांत सांगितलं तेवढंच केलं. शेपटी धरली, सोडली. पाचही गायी झाल्या, १२:४० ला. कडूबानं विचारलं, मिस्तरी, तब्येत बरी हाय ना.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सकाळी गॅरेज उघडलं नाही. ही डायरी वाचत बसलो.

सहा तारीख. बुरशी काढली, गाडी ठीक झाली. मग टेस्ट. बल्ब उडाला. आठ. रेक्टिफायर बदलला, ठीक झाली. मग टेस्ट. इंडिकेटर गेले. चौदा. टेस्ट, दोनदा. स्पीडोमीटर. एकोणतीस. सगळं मीच लिहिलंय, वेळेसकट. कुठं खोडाखोड नाही. माझ्याच अक्षरात, आणि खाली कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा सल्ला.

दुपारी एक वाजता, रस्त्यावर कुत्रंही नसताना, कडूबाची काल टेंपोत घालून आणलेली गाडी ढकलत समोर नेली. तृप्तीनं आधी स्टूल दिलं. मग मीटरच्या दोन सुया रेक्टिफायरला लावल्या.

"जळालाय, काका. चालू गाडीची बॅटरी काढली का कोणी?"

"असंल कोणी तरी."

"असंल," ती म्हणाली. तिनं वर बघितलं नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

मग तिनं सांगितलं. बॅटरी फक्त साठवत नाही, करंट धरूनही ठेवते. रेसवर असताना ती काढली की करंटला जायला जागा नाही, चौदा व्होल्टचे साठ-सत्तर होतात, आणि जे समोर येईल ते मरतं. जळालेला रेक्टिफायर मग बंद गाडीतही रात्रभर बॅटरी पितो, म्हणून तो गरम लागतो. जुन्या गाड्यांत मरण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे माझी टेस्ट १९९७ साली बरोबर होती. हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तिनं नवीन रेक्टिफायर टाकला, बॅटरी चार्ज केली, गाडी चालू ठेवून बॅटरीवर सुया टेकवल्या. १४.२. रेस दिली, १४.३. काहीही न काढता. सुया मग माझ्या हातात दिल्या. लाल कुठं, काळी कुठं हे मला माहीत होतं. बाकीचं विचारलं.

संध्याकाळी कडूबाला गाडी दिली. सांगणार होतो. तोंडातून निघालं, "वायरिंगमध्ये बारीक शॉर्ट होता, सापडला." तो म्हणाला, "असंल, मिस्तरी."

शनिवार, १ फेब्रुवारी

डॉक्टरांचा निर्णय. परवाच्या पाच गायी कामाला आल्या, सहा गावं कडूबाकडं राहिली. आधी हुकलेल्या आठ गायींपायी तीन राजानंदला गेली. त्यात राजाटाकळी, त्याची सगळ्यात मोठी, चाळीस गायींची.

कडूबा पेढे घेऊन आला. सहा गावांचे पेढे. माझा पेढा तसाच घरी नेला. दैवशालाला म्हणालो गोड नको झालंय. ती म्हणाली, "गोडाचं न्हाई ते. पोटातलं आधी बाहेर काढा, मंग जागा होती."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी १०:१५. कडूबा बाकावर चहा पीत बसला होता, नुसताच आला होता. तेवढ्यात एक गाडी ढकलत राजानंद. मागं तशीच टाकी. दोघांनी एकमेकांना रामराम केला, दोन मांजरं करतील तसा.

"भुजंगभाऊ, स्टार्टच घेईना. राजाटाकळीला तीन गायी उभ्या हायेत, जल्दी बघा."

सात मिनिटांचं काम निघालं. साइड स्टँडचा स्विच चिखलानं गच्च भरलेला, गाडीला वाटत होतं स्टँड लागलेलाच आहे. धुतला, फुंकला. चालू.

"आता ती तुमची टेस्ट करून द्या," राजानंद म्हणाला. "लोक म्हणतात, भुजंगभाऊची टेस्ट झाल्याबिगर गाडी बाहेर काढू नका."

पाना हातात होता. गाडी चालू होती. बाजूचं झाकण उघडंच. अर्धा आटा फिरवला की झालं. गाडी आज चालली असती, उद्याही कदाचित. परवा राजाटाकळीच्या रस्त्यावर उभी राहिली असती, आणि राजानंद परत माझ्याकडं आला असता, आणि मी परत टेस्ट केली असती. पंधरा दिवसांत तिन्ही गावं कडूबाची. राजानंदनं वर आभार मानले असते. मी खोटं लिहीत नाही, हा सगळा हिशेब डोक्यात तीन-चार सेकंदांत झाला, आणि तो बिलकुल बरोबर होता.

कडूबाची बशी ओठाला लागलेली. पीत नव्हता.

पाना पेटीत ठेवला.

"ती टेस्ट मी बंद केली."

"का बरं? मशहूर हाय ती!"

"गाडी मरती तिनं. याच्या गाडीचे चार रेक्टिफायर मीच मारले. याच्या आठ गायी हुकल्या त्या माझ्यामुळं. वायरिंगमध्ये शॉर्ट-बिर्ट काही नव्हतं."

टपरीवरचे उठून जवळ आले. मग राजानंद इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं, कडूबाच्याच शेजारी. "म्हंजे ही तीन गावं मला तुम्ही दिली, भुजंगभाऊ!" त्यानं माझ्या हातावर टाळी दिली, चालू गाडीवर टांग मारली आणि गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गोठ्यांत समजलेलं असेल. समोर तृप्ती मीटर पुसत होती, फार वेळ.

कडूबा उठला. बशी धुऊन पालथी ठेवली. मी वाट बघत होतो, शिव्या देईल, की गाडी यापुढं समोर लावेल.

"मला तृप्तीनं संक्रांतीलाच सांगितल्तं, मिस्तरी."

"मंग बोलला का न्हाईस?"

"बोललो की. टेस्ट राहू द्या म्हणलं. तुम्ही दोनदा केली."

मी पेटीचं झाकण लावलं. तो गाडीवर बसला, टाकी मागं नीट बांधली आहे का बघितलं, आणि राजानंद गेला त्या रस्त्याकडं मान वळवली.

"पर मिस्तरी, एवढे दिवस दाबून ठेवलं, मंग अजून पाच मिनिटं ठेवायचं होतं," तो म्हणाला. "आधी त्याची टेस्ट करायची, मंग सांगायचं."